किनाऱ्यावरून दिसणारी साम्राज्ये

शके ९३० च्या ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे इ.स. १००८ मध्ये, दक्षिण कोकणचा शिलाहार मांडलिक रट्टराज याने आत्रेय नावाच्या शैव आचार्याला तीन गावे दान दिली. हा दानलेख तीन ताम्रपत्रांवर कोरलेला असून तो खारेपाटणला सापडला. खारेपाटण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते सिंधुदुर्गात आहे. दान तीन गावांचे, पण त्याआधी रट्टराज राष्ट्रकूट सम्राटांची वंशावळ दंतिदुर्गापासून शेवटच्या कक्कलापर्यंत सांगतो. राष्ट्रकूटांचे राज्य बुडून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. त्यांना बुडवणाऱ्या चालुक्य तैलपाचे आणि त्याचा मुलगा सत्याश्रय याचे नाव त्यानंतर येते, आणि स्वतःच्या घराण्याच्या दहा पिढ्या सर्वांत शेवटी.

गेलेल्या सम्राटांची एवढी आठवण एका किनाऱ्यावरच्या मांडलिकाने का ठेवावी? या पुस्तकातील बहुतेक चर्चा या प्रश्नाभोवती फिरते. प्राचीन भारतातील साम्राज्यांच्या उदयास्ताकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. त्याला संस्कृत, प्राकृत किंवा ब्राह्मी लिपी येत असलीच पाहिजे, असे नाही. मात्र शाळेत पाठ केलेला सनावळींचा क्रम थोडा वेळ बाजूला ठेवण्याची तयारी हवी.

तो क्रम राजधान्यांचा असतो. पाटलिपुत्र, प्रतिष्ठान, वातापी, मान्यखेट अशी एकेक राजधानी चढते आणि पडते, आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. रत्नागिरीच्या परिसरात यांपैकी एकही राजधानी नव्हती. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी जवळजवळ प्रत्येक साम्राज्याची कड होती. पण साम्राज्याची घडण कडेवरच नीट तपासता येते. सत्ता इथे कोणाच्या हातून पोहोचली, कशासाठी पोहोचली आणि ती ओसरल्यावर मागे काय उरले, हे राजधानीच्या प्रशस्तीत सापडत नाही. ते किनाऱ्यावरच्या लेखांत सापडते.

आरंभ मौर्यांपासून करू. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात योन, कांबोज, गांधार यांच्याबरोबर अपरांताचा, म्हणजे या पश्चिम किनारपट्टीचा, उल्लेख येतो. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, आणि मौर्य सत्ता उत्तर कोकणच्या बंदरापर्यंत आली होती याला दगडी पुरावा लाभला. इ.स.पू. १८५ च्या सुमारास पुष्यमित्र शुंगाने शेवटच्या मौर्य राजाला मारले आणि पाठ्यपुस्तकातील मौर्य तिथे संपले. कोकणातले मौर्य मात्र संपलेले दिसत नाहीत. इ.स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्ती हा कवी सांगतो की, दुसऱ्या पुलकेशीच्या सैन्याने कोकणातील मौर्यांचा पराभव केला आणि पश्चिम समुद्रावरची पुरी नगरी घेतली. मधे आठशे वर्षे गेली होती. हे मौर्य पाटलिपुत्राच्या वंशातले होते, की त्यांनी मोठे नाव लावून घेतले होते, याचा निकाल या लेखावरून लागत नाही. एक गोष्ट मात्र ठरते: साम्राज्य गेल्यावरही त्याच्या नावाला किनाऱ्यावर मोल होते.

सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या झगड्यात किनाऱ्याचे दुसरे मोल उघड होते. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक नाविकग्रंथ नोंदवतो की, कल्याणच्या बंदरावर निर्बंध आले होते आणि तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. लढाई बंदरांवरच्या जकातीचीही होती. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोनतृतीयांशांवर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटवलेला आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री मुलाच्या मुलखात अपरांत मोजते. त्यानंतर थोड्याच काळाने, इ.स. १५० च्या जुनागढ लेखात, क्षत्रप रुद्रदामन तोच अपरांत आपल्या मुलखात मोजतो. नवख्या वाचकाने इथेच पहिला धडा घ्यावा. प्रशस्ती हा दावा असतो. तो दुसऱ्या दाव्याशेजारी, आणि शक्य तर नाण्याशेजारी ठेवूनच वाचायचा.

बदामीच्या चालुक्यांच्या काळात कडेचा कारभार कसा चाले, हे अधिक स्पष्ट होते. चिपळूणला सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या पुलकेशीच्या मामाचे, सेंद्रक घराण्यातील श्रीवल्लभ सेनानंदराजाचे दान नोंदलेले आहे. खाली रेवतीद्वीपाला, म्हणजे आजच्या रेडीला, सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा चार विषयांचा कारभार पाहत होता. त्याचा ताम्रपट शके ५३२ चा, म्हणजे इ.स. ६१० चा आहे. राजधानी घाटावर, किनारा मामाच्या आणि विश्वासातल्या घराण्यांच्या हाती, अशी ही व्यवस्था. नोकरशाही विरळ आणि वाटा बिकट असताना नाते हीच शासनाची वीण होती. इ.स. ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी, म्हणजे बदामी, जिंकली, तरी सुमारे बारा वर्षांनी पहिल्या विक्रमादित्याने ती परत उभी केली. पडणे म्हणजे प्रत्येक वेळी संपणे नव्हे, हेही यातून दिसते.

या व्यवस्थेचा दोष तिच्या बळातच होता. चालुक्यांचा सामंत दंतिदुर्ग आठव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूट साम्राज्याचा संस्थापक झाला. सव्वादोनशे वर्षांनी राष्ट्रकूटांचाच सामंत तैलप त्यांच्यावर उलटला. त्याआधी, ९७२ मध्ये, माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले होते; बाहेरच्या घावाने खिळखिळे झालेले घर आतल्या माणसाने ताब्यात घेतले. दोन्ही वेळा साम्राज्य पेलणारा खांदाच पुढे सिंहासनावर बसला. राजे दुर्बळ निघाले म्हणून राज्य गेले, हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते. दुर्बळ राजे आधीही होऊन गेले होते. सबळ सामंत कोणत्या क्षणी बाजूला होतात, हे शोधायला हवे.

आता रट्टराजाकडे वळू. त्याचा मूळपुरुष सणफुल्ल याला सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला प्रदेश कृष्णराज राष्ट्रकूटाच्या कृपेने मिळाला, असे त्याचाच ताम्रपट सांगतो. म्हणजे राष्ट्रकूटांची वंशावळ हा त्याच्या मालकीहक्काचा पहिला कागद होता. धनी बदलला तरी सातबारावरचा जुना फेरफार कोणी फाडून टाकत नाही, तसेच हे. नव्या धन्याचे नाव खाली जोडले की हक्क अखंड राहिला. याच लेखात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक आचार्याला मिळावा, असेही लिहिले आहे. चौल आणि गोव्यातील चंद्रपूर येथील जहाजे त्यातून वगळली आहेत. सम्राट बदलले, तरी बंदरावरची आकारणी चालू होती.

पण सर्वांनीच असे केले नाही. भिवंडीजवळच्या भादाणच्या ताम्रपटात, इ.स. ९९७ मध्ये, उत्तर कोकणचा शिलाहार अपराजित राष्ट्रकूटांच्या नाशाबद्दल हळहळतो आणि चालुक्यांचे स्वामित्व मान्य करत नाही. एकच घटना, जवळजवळ एकच काळ, एकाच नावाची दोन घराणी, आणि दोन उलट निर्णय. अस्ताचा अर्थ कडेवरच्या माणसांनी आपापल्या सोयीने लावला.

या क्षेत्रातले मोठे वाद इथूनच समजून घ्यावेत. रामशरण शर्मा यांनी ‘इंडियन फ्युडॅलिझम’ या १९६५ च्या ग्रंथात भूदानांमुळे केंद्रसत्ता विखुरली आणि व्यापार आटला, अशी मांडणी केली. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी याच काळाकडे स्थानिक राज्ये घडण्याचा काळ म्हणून पाहिले. पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा ९२६ चा ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूटांनी संजानचा कारभार मधुमती नावाच्या, म्हणजे मुहम्मद नावाच्या, मुसलमान अधिकाऱ्याकडे सोपवला होता. अरब व्यापाऱ्यांची वर्दळ असलेल्या बंदराची ही नोंद शर्मांच्या चौकटीत सहज बसत नाही. तरीही बंदराचा पुरावा घाटमाथ्यावरच्या खेड्यांना लावता येत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवावी.

रत्नागिरीच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो घडवणारी बरीच माणसे याच मातीतली. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’कार म्हणून आपल्याला ठाऊक असतात, खारेपाटणच्या ताम्रपटाचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध करणारेही तेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणला जन्मले, रत्नागिरीच्या शाळेत शिकले आणि १८८४ मध्ये त्यांनी दख्खनचा पहिला सुसंगत प्राचीन इतिहास लिहिला. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे चिपळूणजवळचे. कुवळ्यात जन्मलेल्या वा. वि. मिराशींनी कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तिन्ही राजवंशांचे कोरीव लेख संपादित केले. शिलाहारांवरचे त्यांचे मराठी पुस्तक आजही पहिले हाती घ्यावे असे आहे.

वाचताना काही सवयी लावून घ्याव्यात. शक वर्षात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. लेखाचे तीन भाग वेगळे करावेत: राजाची स्तुती, दानाचा तपशील आणि शेवटचे शापवचन. स्तुती ठरावीक साच्याची असते. दानाचा तपशील, म्हणजे गावाच्या सीमा, करांची नावे, साक्षीदार, हा खरा ऐवज. आणि कोण बोलत नाही तेही पाहावे. ज्या गावांचे दान झाले तिथल्या कुळांचा, मिठागरे राबवणाऱ्यांचा, जहाजांवरच्या खलाशांचा आवाज एकाही ताम्रपटात नाही. साम्राज्य पडल्याने त्यांचे काय बदलले, याचे उत्तर लेखांबाहेर शोधावे लागते.

त्यासाठी दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीला जावे. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. म. न. देशपांडे यांनी त्यांचा अभ्यास करून दाखवले की, तिथे आधी हीनयान बौद्ध, मग वज्रयानी, शिलाहारकाळात शैव आणि पुढे नाथपंथी अशी वस्ती होत गेली. पन्हाळेकाजीच्याच शके १०६१ च्या ताम्रपटात ही जागा प्रणालक या नावाने शिलाहार विक्रमादित्याची राजधानी म्हणून येते. एका डोंगरात हजार वर्षांची सत्तांतरे एकावर एक पाहता येतात.

आणि हे क्षेत्र अजून पुरते नांगरून झालेले नाही. पन्हाळेकाजीच्या लेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष १९७० च्या सुमारास वळले. घराचा पाया खणताना किंवा बागेत आळे करताना कोरीव पत्रा किंवा जुनी नाणी लागली, तर ती घासूनपुसून चकचकीत करू नयेत आणि सराफाकडे नेऊ नयेत. जागा, खोली आणि सोबत सापडलेल्या वस्तू लिहून ठेवाव्यात आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडलेल्या ठेव्याची माहिती देणे बंधनकारक आहे. पुढच्या प्रकरणांतील एखादे विधान अशा एका पत्र्याने उलटे ठरले, तर या पुस्तकाचे काम झाले असे समजावे.