भोसरी-चाकणची लिस्प

लिस्प ही विद्वानांची भाषा, असं पुस्तकं सांगतात. जॉन मॅकार्थींनी १९५८ साली एमआयटीत तिची सुरुवात केली, हे खरंच. पण मंडळी, आमच्या मोशीच्या दोन्ही अंगांना, भोसरीपासून चाकणपर्यंत, पोटापाण्यासाठी ती वापरणारे ड्राफ्ट्समन होते! त्यांच्या लेखी ती नुसती 'लिस्प फाईल'. फ्लॉपीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जायची.

ऑटोकॅडमध्ये ती १९८६ साली आली, २.१८ या आवृत्तीत, ऑटोलिस्प या नावाने. मूळ डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पचं. तिच्यातलं 'कमांड' हे फंक्शन म्हणजे खरी गंमत. हाताने टाईप करतो तेच शब्द कंसात एकापाठोपाठ लिहायचे, ऑटोकॅड मुकाट पाळतं. त्यात 'शेल' टाकलं की थेट डॉसला निरोप. ड्रॉइंगांची यादी डॉसकडून एका फाईलमध्ये काढून घ्यायची, मग लिस्पने ती ओळीओळीने वाचायची... झाली साखळी!

डॉस एका वेळी एकच काम करी. त्याचं उरकेपर्यंत ऑटोकॅड थांबून राही. १९९७ साली (मोशी महापालिकेत आली तेच साल) रिलीज १४ आली, ती फक्त विंडोजसाठी. तिथे 'शेल' निरोप देऊन मोकळं होतं, वाट बघत नाही. लिस्प फाईली मात्र जुन्याच राहिल्या.

माझ्या एका मित्राच्या वर्कशॉपला हे महागात पडलं. नवी यादी तयार व्हायच्या आधीच लिस्पने फाईल उघडली आणि हाती लागली आदल्या दिवशीची. तिच्यावरून प्लेटा कापल्या गेल्या, सगळा माल भंगारात. स्क्रीनवर एरर म्हणाल तर एकही नाही. ठपका अर्थातच कंत्राटी ड्राफ्ट्समनवर. पठ्ठ्याने दोन रात्री बसून कारण शोधलं. जुनी यादी आधी पुसायची, आणि बॅच फाईलने सगळं उरकल्यावर एक रिकामी खुणेची फाईल बनवायची. ती दिसेपर्यंत लिस्पने पुढे सरकायचं नाही. खुणेच्या फाईलचं नाव त्याने 'झालं' ठेवलं होतं :) त्याची नोकरी वाचली, मला विचाराल तर पगारही वाढायला हवा होता. असो.

युनिक्समध्ये हे दुखणं फार आधी सुटलं होतं. डग मॅकिलरॉय यांनी लकडा लावला आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ साली पाईप बनवला. एका प्रोग्रामचं आऊटपुट सरळ दुसऱ्याच्या तोंडात. मधे फाईलच नाही, तर शिळी यादी येणार कुठून? पुढे १९९४ मध्ये ओलिन शिव्हर्स यांनी लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीम भाषेत शेल लिहिला. त्यात कमांडचा प्रत्येक शब्द यादीतला वेगळा घटक असतो, म्हणून फाईलच्या नावात मोकळी जागा आली तरी तिचे दोन तुकडे होत नाहीत. आमच्या पोरांना त्या मोकळ्या जागेने किती छळलं, ते पुन्हा कधीतरी लिहीन.