खाँसाहेबांचा दुसरा आवाज

शाळामास्तराचे भांडवल ते काय? खडू आणि गळा. खडू संपला तर शिपाई दुसरा आणून देतो. गळा बसला तर दुसरा आणून देणारा कुणी नसतो. एका पावसाळ्यात माझा आवाज असा काही बसला, की आठ दिवस फळ्यावर लिहून दाखविण्यापलीकडे मला वर्गात काही करता येईना. पोरे खूश होती. घरी आईने हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या असा सारा दवाखाना मांडला होता. "येईल रे परत," असे ती दिवसातून चारदा म्हणे. आवाज आला परत. पण त्या आठ दिवसांत एक विचार मनात घर करून बसला, तो काही गेला नाही. गळा हेच ज्याचे सर्वस्व, अशा एखाद्या गवयाचा आवाज गेला, आणि परत आला तो निराळाच होऊन आला, तर त्याने काय करावे?

आम्हां कोल्हापूरकरांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्यांनी आयुष्याची सत्तावीस वर्षे या गावात काढली, त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची हकीकत म्हणजेच ते उत्तर.

खाँसाहेबांचा जन्म 1855 सालचा, राजस्थानातील उणियारा गावचा. घराणे गवयांचे. वडील लवकर गेले, तेव्हा काका जहांगीर खाँ यांनी पुतण्याला हाताशी धरले. आधी ध्रुपद-धमार आणि मग ख्याल, अशी वर्षानुवर्षांची तालीम झाली. आज चार महिन्यांच्या क्लासनंतर मुलाला स्टेजवर चढविणाऱ्या आपणां पालकांना त्या तालमीची कल्पनाही यायची नाही. तरुण अल्लादियांचा आवाज भरदार होता, गळा हवा तसा फिरत असे. राजेरजवाड्यांकडून बोलावणी येऊ लागली.

पुढे अमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात ते राहिले. तेथील अधिपती गाण्याचा भारी शौकीन. शौकीन यजमान मिळणे हे गवयाचे भाग्य खरे, पण शौकालाही मर्यादा हवी. गाण्यावर गाणे होत राहिले आणि त्या अतिश्रमाने खाँसाहेबांचा आवाज गेला.

काही काळाने तो परत आला. पण पूर्वीचा भरदारपणा आणि गोडवा त्यात उरला नव्हता. आपल्यापैकी कुणीही अशा वेळी काय केले असते? जुना आवाज परत मिळविण्यासाठी धडपड केली असती, आणि तो मिळत नाही असे पाहून हात टेकले असते. खाँसाहेबांनी तिसरीच वाट धरली. जो गळा उरला आहे, त्याला शोभेल असे गाणेच त्यांनी नव्याने बांधायला घेतले.

हे गाणे कसे होते, ते थोडक्यात सांगतो. जाणकारांनी मास्तराच्या भाषेला क्षमा करावी. नुसत्या आवाजाच्या गोडव्याने श्रोत्याला जिंकणे आता शक्य नव्हते; म्हणून भर आला तो रचनेवर. जिन्याच्या पायऱ्यांसारखी सरळ चढणारी-उतरणारी तान मागे पडली आणि वळणावळणाची, पेचदार तान पुढे आली. ती कोठून निघाली आणि कोठे जाणार याचा अंदाज बांधता बांधता ऐकणारा समेवर येऊन पोचे. लय धरली ती फार संथ नाही आणि फार घाईचीही नाही, प्रत्येक मात्रेशी स्वराचा हिशेब चुकता करणारी. सारे काम मोकळ्या आकारात. त्यामुळे दमसास असा लागे, की भल्याभल्यांची छाती भरून यावी. शिवाय दोन राग बेमालूम एकत्र विणलेले जोडराग, आणि इतरांकडे क्वचितच ऐकू येणारे अनवट राग यांचे तर भांडारच त्यांनी उघडले. दुसऱ्या आवाजाचे हे दुसरे गाणे घेऊन हा गवई पुन्हा मैफलीत आला. पुढे जिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणू लागले, ती हीच.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांना राज्याधिकार मिळाले 1894 साली. पुढल्याच वर्षाच्या सुमारास खाँसाहेब दरबारात आले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीचे आणि महाराज जेमतेम एकवीस वर्षांचे. महाराजांचे कुस्तीचे वेड सर्वांना ठाऊक आहे. 1912 सालचे खासबाग मैदान त्याची साक्ष द्यायला आजही उभे आहे. पण ज्या राजाने पहिलवानाच्या खुराकाची चिंता वाहिली, त्यानेच गवयालाही निर्वेध आसरा दिला. 6 मे 1922 रोजी महाराज निवर्तले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. मधल्या सत्तावीस वर्षांत ही गायकी पक्व झाली, शिष्यांच्या गळ्यात रुजली. घराण्याचे नाव जयपूर-अत्रौलीचे खरे. पण त्याला पाणी पाजले ते पंचगंगेने, असे एखाद्या कोल्हापूरकराने म्हटले तर ती फुशारकी समजू नये.

भास्करबुवा बखले हे खाँसाहेबांच्या शिष्यांपैकी एक. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली बुवांच्या. ज्यांनी जन्मात ख्यालाची मैफल ऐकली नाही, अशा कितीतरी घरांतल्या आयाबायांच्या ओठांवर त्या पदांच्या रूपाने बुवांची विद्या आली. केसरबाई केरकर 1921 पासून खाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांचे भैरवीचे एक ध्वनिमुद्रण 1977 साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेले आहे. अमलेट्याला जो गळा मुका झाला, त्याची विद्या आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे चालली आहे!

एकदा खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते. तेथे शेजारून एका मुलीच्या रियाजाचे सूर त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला सुरुवात केली. ती मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. पुढे मोगूबाईंची कन्या किशोरी आमोणकर याच गायकीत तयार झाल्या, आणि दैवाचा खेळ पाहा, 1950 नंतरच्या दशकात ऐन पंचविशीच्या सुमारास त्यांचाही आवाज गेला. आयुर्वेदाच्या उपचारांनी तो परत आला. परतल्यावर त्यांनी काय केले? घराण्याची शिस्त न सोडता आलापाला आणि भावनेला अशी जागा दिली, की काही जुने जाणकार नाराज झाले. हे घराण्याचे गाणे नव्हे, असा आक्षेप निघाला. मला मात्र वाटते, घराण्याच्या मूळ पुरुषाने केले तेच तर त्यांनी केले!

तिसरे उदाहरण आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातले. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1947 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने आजारी पडले. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून येणारी माळव्यातली लोकगीते ते ऐकत राहिले. 1953 साली ते पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. पण गाण्यात त्या लोकधुनांचे बीज आले होते, त्यातून उगवलेले नवे राग आले होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. दुःखातून कला जन्मते, असे आम्ही कादंबरीवाले फार सहज लिहून जातो. निव्वळ आवाज जाण्याने गाणे येत असते, तर आमच्या शिक्षकखोलीत निम्मे तानसेन निपजले असते! खाँसाहेबांच्या मुकेपणामागे काकांची तालीम होती आणि पुढे कोल्हापूरचा आसरा होता. कुमारांच्या पाठीशी त्याच सुमारास निघालेले स्ट्रेप्टोमायसिन होते आणि पत्नी भानुमतींची अखंड शुश्रूषा होती. शिदोरी बांधलेली असावी, सांभाळणारे माणूस असावे, तेव्हा कुठे ते मुके दिवस फळाला येतात. नाहीतर किती गळे गेले ते गेलेच. त्यांचा इतिहास लिहायला कुणी बसत नाही.

आणि आणखी एक गोष्ट लागते. ती तुमच्या-माझ्या हाती आहे. फार दिवसांनी परतलेल्या कलावंताला आपण काय म्हणतो? "ते जुने होऊन जाऊ द्या!" आपल्याला तो परत हवा असतो, पण गेला होता तसाच. त्याच्यावर मधल्या काळात जे गुदरले त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. अमलेट्यानंतरच्या खाँसाहेबांपुढे बसून कुणी पहिल्या आवाजाचाच हट्ट धरला असता, तर त्याच्या पदरी निराशाच पडली असती. जो दुसरा आवाज ऐकायला तयार झाला, त्याला घराणे मिळाले.

दिवाळीला माणसे घरी येतात. कुणी वर्षाने, कुणी पाच वर्षांनी. फराळाचे ताट पुढे ठेवताना आपण म्हणतो, "अरे, तू किती बदललास!" त्या बोलण्यात तक्रारीचा सूर असतो. यंदा आम्ही घरात ठरविले आहे, की आल्या पाहुण्याला तसे म्हणायचे नाही. चकली पुढे करायची आणि त्याला आधी बोलू द्यायचे.