मीठ, साखर आणि आतड्याचे दार

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी ही वस्ती आज शहरात पुरती मिसळून गेली आहे. नेम्मेलीच्या कारखान्यात गोडे केलेले समुद्राचे पाणी त्या बाजूला पुरविले जाते. 2013 साली सुरू झालेल्या या कारखान्यात खारे पाणी मोठ्या दाबाने एका सूक्ष्म पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते, मीठ मागे राहते. आपल्या आतड्यातही असाच व्यवहार अहोरात्र चालतो. मात्र तेथे तो दाब नाही, आणि मीठ मागे न राहता पाण्याच्या पुढे चालते.

या व्यवहाराचे महत्त्व जगाला पटविले ते पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने. 1884 साली कॉख यांनी कलकत्त्यास तिचे जंतू वेगळे काढले. परंतु ते आतड्याला नेमके करतात काय, हे कळावयास पाऊण शतक लोटले. 1959 साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, पाण्याचा तो भयंकर लोंढा आणते जंतूंनी सोडलेले विष. डे यांच्या वाट्याला हयातीत स्वदेशात फारसा मान आला नाही, ही गोष्ट मनाला लागते.

पुढच्याच वर्षी प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी आपली उपपत्ती मांडली. आतड्यातील पेशीच्या आवरणात एक वाहक असतो. तो ग्लुकोज आत घेतो, पण सोडियमच्या सोबतीने. पेशी आतले सोडियम सतत बाहेर टाकीत असते, म्हणून बाहेरचे सोडियम उतारावरून ओढा धावावा तसे आत शिरते आणि साखरेलाही ओढून नेते. त्या दोघांच्या मागून पाणी जाते. कॉलऱ्याचे विष क्लोराइडची वाट सताड उघडते व शरीरातील पाणी बाहेर लोटते. परंतु हे दुसरे दार त्याला बंद करता येत नाही! म्हणून नुसते मिठाचे पाणी पाजून रोगी सावरत नाही. साखर येथे पोषणासाठी नव्हे, किल्ली म्हणून हवी.

1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच किल्लीचा आधार घेतला. एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा; आणि पाजणारे कोण, तर रोग्यांचेच आप्त. मृत्यूचे प्रमाण शेकडा चारांच्याही खाली आले.

1992 च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीचा एक नवाच प्रकार, ओ-139, आढळला. जुन्या प्रकाराने आलेली प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे निरुपयोगी ठरली. पण मीठ-साखरेचे पाणी मात्र पूर्वीइतकेच गुणकारी राहिले. आपल्याकडील मीठ घातलेली पेजही या शास्त्राला धरूनच आहे, कारण तांदळातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होते. 2000 साली वेल्लोरच्या संशोधकांनी याहून पुढचे पाऊल टाकले: लहान आतड्यात न पचणारे मक्याचे पिष्ट त्या पाण्यात मिसळले. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, त्यातून मेदाम्ले तयार होतात, आणि ती मोठ्या आतड्यालाही सोडियम व पाणी शोषावयास लावतात. ज्या रोग्यांना ते दिले, त्यांचे जुलाब लवकर थांबले.