कॅटॅरॅक्ट (शब्द)

कॅटॅरॅक्ट हा मूळ ग्रीक भाषेतील व लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेला शब्द असून त्याचे दोन अर्थ प्रचलित आहेत : (१) मोठा धबधबा किंवा नदीच्या खडकाळ पात्रातील खळाळता प्रवाह, (२) डोळ्यातील भिंग गढूळ होऊन दृष्टी मंदावण्याचा विकार, म्हणजेच मोतीबिंदू. मराठीत या अर्थांना स्वतंत्र शब्द असल्याने त्यांतील नाते सहसा लक्षात येत नाही.

व्युत्पत्ती

ग्रीक ‘कातार्राक्तेस’ या शब्दातील ‘काता’ म्हणजे खाली. उत्तरपद ‘आदळणे’ या अर्थाच्या धातूपासून आले की ‘फुटणे’ या अर्थाच्या, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ग्रीकांनी हा शब्द धबधब्याला, तटबंदीच्या दारात वरून सोडल्या जाणाऱ्या फाटकाला आणि पाण्यात सूर मारणाऱ्या एका समुद्रपक्ष्यालाही लावला. वेगाने खाली येणे हा तिन्हींतील समान धागा होय.

भूगोलातील अर्थ

ईजिप्त व सुदानमध्ये, अस्वान ते खार्टूम या टप्प्यात, नाईल नदीचे सहा कॅटॅरॅक्ट प्रसिद्ध आहेत. त्यांना धबधबे म्हणणे मात्र बरोबर नाही. तेथे पाणी कड्यावरून पडत नाही, तर खडकांतून वाट काढत उथळ व वेगाने वाहते. अशा प्रवाहासाठी मराठीत ‘द्रुतवाह’ ही संज्ञा आहे. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात मनुदेवीच्या मंदिरासमोर सातपुड्याच्या कड्यावरून पावसाळ्यात कोसळते, तो खरा धबधबा.

नेत्रविकाराशी संबंध

भिंगच गढूळ होते, हे प्राचीन वैद्यांना माहीत नव्हते. बाहुलीमागे दूषित द्रव उतरून गोठतो, अशी ग्रीक-रोमन वैद्यांची समजूत होती. अरबी वैद्यही या विकारास ‘डोळ्यात उतरणारे पाणी’ म्हणत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्यासाठी ‘काताराक्ता’ हा शब्द रूढ झाला. काही अभ्यासक येथे फाटकाचा अर्थ घेतात : दृष्टीपुढे पडलेला अडसर. अरबी नावाशी जुळणारी पहिली उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. 1705 मध्ये फ्रेंच वैद्य ब्रिसो याने मृत सैनिकाचा डोळा तपासून दोष भिंगातच असल्याचे दाखवले. कल्पना चुकीची ठरली, नाव मात्र टिकले.

मराठी व संस्कृत शब्द

मराठीतील जुना शब्द ‘पडळ’ हा संस्कृत ‘पटल’ (आवरण, पापुद्रा) यापासून आला. ‘डोळ्यांवरचे पडळ दूर होणे’ या प्रयोगात तो आजही भेटतो. ‘मोतीबिंदू’ हे नाव बाहुलीत दिसणाऱ्या मोत्यासारख्या पांढऱ्या ठिपक्यावरून पडले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकारास ‘लिंगनाश’ म्हटले असून त्याच्या कफज प्रकारास हलत्या कमळपानावरील पांढऱ्या जलबिंदूची उपमा दिली आहे. ‘बिंदू’शी तिचे साम्य लक्षणीय आहे, पण तेवढ्यावरून मराठी शब्द तेथून आला असे म्हणता येत नाही.

‘काच’ या शब्दाबाबत विशेष सावधगिरी हवी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिमिर, काच व लिंगनाश या एकाच विकाराच्या चढत्या अवस्था आहेत. आजच्या मराठीत ‘काचबिंदू’ हा सर्वस्वी वेगळा रोग असून त्यात दृष्टीची नस खराब होते. बहुधा डोळ्यातील वाढलेला दाब त्यास कारण असतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने सहसा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. नावांतील साम्यामुळे ‘बिंदूच आहे, नंतर काढू’ असे म्हणणे म्हणूनच घातक ठरू शकते.

‘मोतीबिंदू पिकणे’ हा वाक्प्रयोगही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. तेव्हा भिंग पुरते गढूळ होईपर्यंत थांबण्याचा प्रघात होता. आजच्या पद्धतीत तसे थांबावे लागत नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते.