गाविलगड आणि गोया

अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढून चिखलदऱ्याला गेलेल्या कुटुंबांपैकी गाविलगड न पाहिलेले कुटुंब विरळाच. मुले पडक्या तोफांवर चढतात, मोठी माणसे दिल्ली दरवाजावरील शिल्पे पाहतात, तलावाकाठी डबे उघडले जातात, आणि ऊन उतरू लागले की सारे परतीच्या वाटेला लागतात. गड बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली बांधला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु १८०३ सालच्या आगमनकाळातील तिसऱ्या आठवड्यात याच भिंतींच्या आत काय घडले, हे सहलीच्या दिवशी कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे ते नाहीही. तरीही नाताळाच्या तयारीचे हे दिवस आले की मला त्या आठवड्याची आठवण होते, आणि त्याबरोबर एका बहिऱ्या स्पॅनिश चित्रकाराचीही.

त्या वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले होते. २३ सप्टेंबर रोजी असईच्या लढाईत जनरल आर्थर वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यात त्याची स्वतःची सुमारे सोळाशे माणसे मेली वा जखमी झाली. त्या रात्री तो मृतांच्या आणि जखमींच्या मध्येच जमिनीवर झोपला, आणि आपले सारे सोबती मारले गेले आहेत या भासाने पुन्हा पुन्हा दचकून जागा झाला, असे त्यानेच पुढे सांगितले. वय अवघे चौतीस. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जग ज्याला ओळखू लागले, तोच हा.

असईनंतर युद्ध वऱ्हाडात उतरले. आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांची फौज त्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली उभी होती, जोडीला शिंद्यांचे घोडदळ होते. शिंद्यांचे वकील वेलस्लीच्या छावणीतच होते. तहाची बोलणी चालू असताना हल्ला करू नये अशी त्यांनी विनवणी केली. शिंद्यांनी तहनाम्यातील अटी पाळल्या नाहीत आणि भोसल्यांशी तर तह झालेलाच नाही, असे उत्तर मिळाले. कायद्याच्या काट्यावर ते उत्तर बरोबर असेलही.

शिरसोली गावाजवळून इंग्रजांची रांग पुढे सरकली तोच मराठी तोफा सुरू झाल्या, आणि असईच्या आगीत न डगमगलेल्या देशी शिपायांच्या पलटणी येथे माघारी पळाल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः आवरून, गावाच्या आडोशाला नेऊन, पुन्हा ओळीत उभे केले. माणसाच्या धैर्याचा हिशोब असा असतो: दोन महिन्यांपूर्वीचा शूर आज पळतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा शूर होतो. भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब पायदळाने ७४ व्या आणि ७८ व्या पलटणींवर झडप घातली. त्यांतले जवळजवळ सारे कापले गेले. संध्याकाळी मराठी फौज मोडली आणि घोडेस्वारांनी चांदण्यात कित्येक कोस पाठलाग केला. इंग्रजांचे मेलेले-जखमी झालेले सुमारे साडेतीनशे, मिळालेल्या तोफा ३८; हे आकडे नीट लिहून ठेवलेले आहेत. आमच्या बाजूचे किती पडले याला हजारांच्या अंदाजापलीकडे आकडा नाही. तोफा मोजल्या गेल्या, माणसे मोजली गेली नाहीत.

जखमींसाठी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, इस्पितळ थाटून वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेकडून गड दुर्गम. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून तोफा ओढत उत्तरेकडे लबाडा गावापर्यंत वाट काढली. १२ डिसेंबरला ते तेथे पोहोचले, दोन दिवसांत तटाला भगदाडे पडली आणि १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला. आतल्या कोटाची भिंत मात्र शाबूत होती. कॅप्टन कँपबेलने ९४ व्या पलटणीची एक तुकडी शिड्या लावून भिंतीवर चढवली आणि आतून दरवाजा उघडला. पळू पाहणारे बचावकर्ते वरून रेटले जात होते, खालच्या दरवाजाने निघावे तर समोरून चढणाऱ्या तुकडीच्या संगिनी. वेलस्लीबरोबर आलेला तरुण मुत्सद्दी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, हा या हल्ल्यात भगदाडातून आत शिरलेल्यांपैकी एक.

गडाचा सेनानायक बेणीसिंह राजपूत दरवाजापाशी आपल्या माणसांच्या राशीत मेलेला सापडला. बाहेर पडण्यापूर्वी त्याने आणि किल्लेदाराने आपापल्या बायका-मुलींना मारून टाकण्याचा हुकूम दिला होता. तो हुकूम अर्धवट बजावला गेला. काही स्त्रिया मेल्या. बहुतेक जणी जखमांसह जिवंत राहिल्या. वेलस्ली स्वतः तेथे गेला आणि त्यांना सन्मानाने वागवण्यात आले, असे इतिहासकार नोंदवतात.

या प्रसंगाशी मी नेहमी अडखळतो. जोहाराच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. पण या कथेत हात थरथरलेला आहे. ज्याला मारण्यास सांगितले त्याच्याच्याने ते पुरते झाले नाही. तो घाबरला की त्याला दया आली, हे कोणास ठाऊक? त्या जखमी स्त्रियांपैकी एकीचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्या पुढे कोठे गेल्या, कोणाच्या दारी राहिल्या, हेही नाही. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून जाऊन निजामाच्या पदरात पडला. आणि दख्खनभर त्याच सुमारास जो भीषण दुष्काळ पडला, त्याने तोफांतून वाचलेल्यांचा समाचार घेतला. पाऊस चुकला होताच. पण सैन्यांनी आणि लुटारूंनी उजाड केलेल्या रानात पाऊस पडून तरी काय पिकणार होते?

पोवाडे विजयाचे असतात, फार तर वीरमरणाचे. अडगावच्या पाडावाचे, गडावरील त्या खोलीचे गाणे कोण रचणार? युरोपात मात्र याच वेलस्लीच्या पुढील युद्धाला असा एक साक्षीदार लाभला.

फ्रान्सिस्को गोया हा स्पेनच्या राजदरबाराचा चित्रकार. १७९२-९३ च्या आजारपणात त्याचे ऐकणे पूर्णपणे गेले. १८०८ साली नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध माद्रिद उठले आणि पुढली सहा वर्षे कॅथोलिक स्पेन रक्तात न्हाला. त्याच वर्षी गोया सारागोसाचे भग्नावशेष पाहून आला. मग तांब्याच्या पत्र्यांवर त्याने युद्धाची भीषणता कोरण्यास आरंभ केला: झाडांना लटकवलेली प्रेते, स्त्रियांवरील अत्याचार, कोसळत्या घरातून पडणारी माणसे, माद्रिदच्या दुष्काळात रस्त्यावर मेलेली मुले. फ्रेंच सैनिक क्रूर आहेत आणि कुऱ्हाड उगारणारा स्पॅनिश शेतकरीही क्रूर आहे. गोयाने कोणालाच सूट दिली नाही. एका चित्राखाली, हे मी पाहिले, एवढेच त्याने नोंदवले. ऐकू न येणाऱ्या माणसाने डोळ्यांनी किंकाळ्या ऐकल्या, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरू नये.

१८१२ च्या जुलैत सालामांका जिंकून वेलस्ली, तेव्हाचा लॉर्ड वेलिंग्टन, १२ ऑगस्टला माद्रिदमध्ये शिरला. मुक्तिदात्याचे चित्र काढण्याचे काम गोयाकडे आले. त्याने लाल खडूचे रेखाटन केले, तैलचित्र केले, घोड्यावरचेही चित्र केले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील तैलचित्रात छातीवर पदके झळकतात, पण चेहरा विजयी नाही. डोळे थकलेले, ओठ किंचित उघडे. चारच महिन्यांपूर्वी, ६ एप्रिलच्या रात्री, त्याच्या सैन्याने बादाहोस घेतले होते. शहर मित्रराष्ट्राचे, रहिवासी स्पॅनिश, कॅथोलिक. तरीही सैनिकांनी सुमारे तीन दिवस तेथे लूट, बलात्कार आणि कत्तल चालवली. भगदाडातील आपल्या माणसांची प्रेते पाहून वेलिंग्टन रडला, असे नोंदलेले आहे. गोयासमोर बसताना बादाहोस त्याच्या मनात असेल. गाविलगड असेल का? नऊ वर्षे झाली होती. भगदाड, शिड्या, दरवाजाशी पडलेली माणसे, सारे तेच.

१८१४ मध्ये गोयाने ३ मे १८०८ च्या पहाटेचे मोठे चित्र रंगवले. बंदुकांसमोर पांढऱ्या सदऱ्यातील माणूस दोन्ही हात पसरून गुडघ्यांवर आहे; त्याच्या उजव्या तळहातावर खिळ्याची वाटावी अशी खूण आहे. क्रूसाच्या वाटेची भक्ती लहानपणापासून करणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

युद्धाचे भय गाण्यातही उतरले आहे, आणि देवळातही. नेपोलियनच्या फौजा ऑस्ट्रियाला भिडत असताना १७९६ मध्ये हायडनने 'युद्धकाळातील मिस्सा' रचली. तिच्यात देवाच्या कोकराला शांती मागणाऱ्या शब्दांखाली दूरच्या तोफांसारखे नगारे वाजत राहतात. आपल्या तरुणांच्या खोल्यांतून येणाऱ्या गोंगाटाकडे वडीलधारे कपाळाला आठी घालून पाहतात. पण जर्मनीच्या कोळसा-खाणींच्या प्रदेशातील 'सोडोम' या जुन्या थ्रॅश मेटल बँडने २००१ साली व्हिएतनाम युद्धावर 'एम-१६' हा अख्खा संग्रह काढला, तेव्हा त्यानेही तेच नगारे वाजवले, फक्त कानठळ्या बसतील इतक्या जोराने. उत्पत्तीच्या पुस्तकातील शापित नगराचे नाव घेणाऱ्यांकडून मधुर स्वरांची अपेक्षा कोणी करू नये. युद्ध मधुर वाजले तर मात्र काहीतरी खोटे आहे असे समजावे. मला स्वतःला हायडन पुरतो.

आता आपल्यासारख्या कॅथोलिकांपुढील अवघड भाग. १८२९ साली पंतप्रधान असलेल्या याच वेलिंग्टनने, राजाचा आणि स्वपक्षाचा विरोध मोडून, कॅथोलिकांना ब्रिटिश संसदेची दारे उघडणारा कायदा संमत करून घेतला. त्यासाठी मार्च महिन्यात एका सरदाराशी पिस्तुलांचे द्वंद्वही खेळला. उमरावांच्या सभेत त्याने दिलेले कारण लक्षणीय आहे: माझे बहुतेक आयुष्य युद्धांत, तेही विशेषतः यादवी युद्धांत गेले आहे, आणि देशावरील एका महिन्याचे यादवी युद्ध टाळता येणार असेल तर त्यासाठी प्राण देईन, अशा आशयाचे तो बोलला. त्याच्या पलटणींत लढलेल्या आयरिश कॅथोलिकांचीही त्याला जाण होती. त्याच्या त्या भीतीत वऱ्हाडचा वाटा किती, हे त्याने सांगितले नाही. आपल्या धर्मबांधवांना त्याने न्याय दिला म्हणून गाविलगडचा हिशोब मिटत नाही. आणि गाविलगड घडला म्हणून १८२९ खोटे ठरत नाही. मी दोन्ही पाने उघडी ठेवतो.

वेलिंग्टन १८५२ मध्ये वारला. १८५८ मध्ये, तात्या टोपे यांच्या हाती पडू नये म्हणून, गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली. गोया १८२८ मध्येच गेला होता; त्याचे ते कोरलेले पत्रे पेटीत पडून राहिले आणि माद्रिदच्या अकादमीने त्यांतील ऐंशी चित्रे प्रथम प्रसिद्ध केली ती १८६३ साली.