दिवाळीची रात्र आणि व्हर्जिनियातली रिकामी नोंद

या घटनाक्रमातल्या वेळा खऱ्या आहेत. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेसनं, म्हणजे एडब्ल्यूएसनं, आपल्या बिघाडाचा तपशील नंतर स्वतःच जाहीर केला. त्यातल्या अमेरिकी पश्चिम किनाऱ्याच्या (पॅसिफिक) वेळांत साडेबारा तास मिळवले की आपल्या वेळा मिळतात. दिवस सोमवार, २० ऑक्टोबर २०२५. बूथवाला मात्र मी धरून चाललो आहे. त्याचे वडील सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे, खानापूर-आटपाडीच्या हजारो कुटुंबांसारखे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात दिल्लीच्या करोलबागेत आलेले. पोरानं भट्टीकडे पाठ फिरवली आणि लग्नसमारंभांत फोटोबूथ भाड्यानं द्यायला लागला. आज रात्री ९ वाजता छतरपूरच्या एका फार्महाउसवर त्याचा बूथ उघडायचा आहे. दिवाळीची पत्त्यांची पार्टी, पहाटेपर्यंत चालणारी.

सकाळी ६. पंधरा तास बाकी.

घरात उटणं, मोती साबण, कारीट फोडणं. पंचांगाचा घोळ यंदाही आहेच. अमावास्या लागते दुपारी पावणेचारच्या सुमारास, म्हणून दिल्ली आज संध्याकाळी लक्ष्मीपूजन करणार आणि विटं उद्या, २१ तारखेला. करोलबागेतल्या मराठी घरात सकाळी नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर पूजा, असं दोन्ही उरकतात. बाहेर फटाके वाजताहेत. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, यांच्या खंडपीठानं १५ ऑक्टोबरला हरित फटाक्यांना परवानगी दिली: सकाळी ६ ते ७, रात्री ८ ते १०. दिल्ली ती वेळ पाळेल यावर दिल्लीतल्या कुणाचाच विश्वास नाही.

सकाळी १०. अकरा तास बाकी.

सामान काढून पुसायचं काम. कुचा चौधरीच्या कॅमेरा बाजारातून घेतलेला डीएसएलआर, फ्लॅश, टचस्क्रीन म्हणून आयपॅड, आणि धंद्याचा खरा कमावता गडी: डीएनपीचा आरएक्स१एचएस प्रिंटर. यात शाई नसते. रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदावर उतरतो, चार बाय सहाचा फोटो साडेबारा सेकंदांत कोरडा हातात. एका रोलमध्ये ७०० फोटो निघतात, कागद मधोमध कापून पट्ट्या काढल्या तर १,४००. प्रिंटरची किंमत, रिबनचा भाव, फ्लॅशचा स्टँड, यांवर त्यानं महिनोन्‌महिने चौकशी केली होती. सॉफ्टवेअर घेतलं अर्ध्या तासात, डेमोचा व्हिडिओ बघून.

इथे थोडं थांबायला हवं, कारण रात्री जे होणार आहे ते त्या अर्ध्या तासातच ठरून गेलं. बूथची सॉफ्टवेअरं ढोबळमानानं दोन जातीची. एक जात संगणकावर किंवा आयपॅडवर बसते, फोटो काढते, चौकटीत बसवते, प्रिंटरला पाठवते. नेट लागतं ते फक्त पाहुण्याच्या फोनवर फोटो पोचवायला. विंडोजवरचं डीएसएलआरबूथ किंवा आयपॅडवरचं लुमाबूथ ही त्या घरातली प्रसिद्ध नावं. दुसऱ्या जातीत सगळंच सर्व्हरवर: लॉगिन तिथे, चौकट तिथे, फोटोची जुळणीही तिथेच. बूथ म्हणजे फक्त काच आणि कॅमेरा. दुसरी जात डेमोत जास्त देखणी दिसते. घरी बसून तीन बूथ सांभाळता येतात, चौकट कुठूनही बदलता येते, सकाळी आकडेवारी तयार. आपल्या माणसानं तीच घेतली. महिन्याचे पैसे, सर्व्हर अमेरिकेत. कुठल्या गावी, हे त्यानं विचारलं नाही आणि विक्रेत्यानं सांगितलं नाही.

दुपारी १२.१८. आठ तास बेचाळीस मिनिटं बाकी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र व्हायला बारा मिनिटं आहेत, पूर्वेला व्हर्जिनियाच्या उत्तर भागात पहाटेचे २.४८. एडब्ल्यूएसचं सगळ्यात जुनं संगणक-केंद्र तिथे, २००६ पासूनचं. तिथल्या डायनॅमोडीबी नावाच्या माहितीसाठ्याचा इंटरनेटवरचा पत्ता एका क्षणात कोरा झाला. साठा शाबूत, यंत्रं चालू, पण तिथे जायचा रस्ता कुणालाच सापडेना.

कारण वाचून मी बराच वेळ कागदावर बाण काढत बसलो होतो. पत्त्यांची यादी एक प्रोग्राम बनवतो आणि ती लागू करणारे तीन प्रोग्राम वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. त्यातला एक काही कारणानं रेंगाळला. त्याच्या हातात जुनी यादी. दरम्यान दुसऱ्यानं नवी यादी लागू केली आणि जुन्या याद्यांची साफसफाई काढली. नेमक्या त्या वेळी रेंगाळलेल्यानं आपली जुनी यादी नव्यावर चढवली. साफसफाईवाल्यानं पाहिलं, ही तर केव्हाची जुनी, आणि पुसून टाकली. चालू यादी तीच होती. पत्त्याच्या जागी काहीच उरलं नाही, आणि यंत्रणा अशा पेचात अडकली की माणसानं हात घातल्याशिवाय तिला स्वतःला सावरता येईना.

करोलबागेत या वेळी फराळ चाललाय.

दुपारी १.०८. आठ तासांना आठ मिनिटं कमी.

अमेरिकेतल्या इंजिनिअरांना दुखणं कुठे आहे ते सापडलं. इकडे बूथवाल्यानं रात्रीच्या पार्टीची चौकट करायला कॅन्व्हा उघडलं. सोनेरी पणत्या, हुकमाचा एक्का, यजमानांचं नाव. कॅन्व्हा लागेना. त्या दिवशी पडलेल्यांत ते होतं, स्नॅपचॅट, सिग्नल, डुओलिंगो हेही होते. त्यानं राउटर बंद करून चालू केला. आपण सगळे तेच करतो.

दुपारी २.५५. सहा तास पाच मिनिटं.

पत्ता परत बसवला. ३.१०च्या सुमारास डायनॅमोडीबीचे ग्राहक सावरले. कॅन्व्हाही कधीतरी लागलं, चौकट झाली, सॉफ्टवेअरवर चढवली, ‘सेव्ह’ झाल्याची हिरवी खूण आली. हीच ती फसवी वेळ. बातम्यांतून बिघाड दूर झाल्याचं कळलं आणि त्यानं पर्यायी व्यवस्थेचा विचार सोडून दिला. जुन्या लॅपटॉपवर एक साधं सॉफ्टवेअर पडून होतं, प्रिंटरच्या ड्रायव्हरसकट. तो लॅपटॉप घरीच राहिला.

दुपारी ४. पाच तास.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आकडा आला: दिल्लीचा हवा निर्देशांक ३४५, ‘अत्यंत वाईट’. आदल्या दिवशीच प्रदूषणविरोधी निर्बंधांच्या टप्प्यांपैकी दुसरा लागू झाला होता, त्यात डिझेल जनरेटरवर निर्बंध. म्हणून विजेसाठी इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या छोट्या हत्तीत चढवल्या. विजेचा विचार त्यानं नीट केला होता. दिल्लीत वीज जाणं हा अनुभवाचा भाग आहे.

नेट जाणंही तसं अनुभवाचंच. २६ जानेवारी २०२१ला शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चाच्या दिवशी सिंघू, टिकरी, गाझीपूर, नांगलोई भागांत सरकारनं दुपारी १२ पासून रात्री ११.५९ पर्यंत इंटरनेट बंद ठेवलं होतं. त्याआधी १९ डिसेंबर २०१९ला शहराच्या काही भागांत मोबाइल नेट बंद झालं होतं. दिल्ली-एनसीआरमध्ये धंदा करणाऱ्यानं या तारखा विसरून चालत नाही.

संध्याकाळी ६. तीन तास.

दुसरी लाट. पत्ता परत आला तरी त्या तीन तासांत साचलेली कामं एकदम अंगावर आली. नवीन संगणक चालू करणारी यंत्रणा स्वतःच्याच रांगेखाली दबली होती; ती सावरते न सावरते तोच येणाऱ्या विनंत्या वाटून देणारे लोड बॅलन्सर चुकायला लागले. धडधाकट यंत्रं आजारी समजून बाजूला काढायची, परत घ्यायची, पुन्हा काढायची. ज्या कंपन्यांनी दुपारी सुटकेचा श्वास टाकला होता त्या पुन्हा अडखळल्या. नेमकी ही बातमी दिल्लीत कुणी वाचत नव्हतं. ७ वाजून ८ मिनिटांनी पूजेचा मुहूर्त होता.

रात्री ८. एक तास.

छतरपूर. फटाक्यांची अधिकृत वेळ सुरू, धुरात फार्महाउसचे दिवे पिवळे दिसताहेत. बूथ उभा राहिला. फ्लॅशची चाचणी झाली, प्रिंटरनं कोरा कागद ओढून सोडला. मग आयपॅडवर पासवर्ड मागितला गेला. गेल्या आठवड्यात गुरुग्रामच्या एका कंपनीच्या दिवाळी पार्टीनंतर त्यानंच लॉग आउट केलं होतं, दुसऱ्या पोराला बूथ द्यायचा होता म्हणून. चक्र फिरत राहिलं. मोबाइलचा हॉटस्पॉट बदलला, एअरटेलवरून जिओवर. चक्र तेच.

रात्री ९.

पहिले पाहुणे आले. रंगीत फेटे, पुठ्ठ्याचे चष्मे, ‘पत्ते का राजा’ लिहिलेली पाटी. पाचव्या की सहाव्या प्रयत्नात लॉगिन झालं. चौकट मात्र आली गेल्या आठवड्यातली, कंपनीच्या बोधचिन्हाची. नवीन चौकट सर्व्हरवर होती, आयपॅडवर उतरलेलीच नव्हती. फोटो काढला. कॅमेऱ्यात फोटो आहे, प्रिंटरमध्ये ७०० कागद आहेत, मधलं अंतर दोन फुटांची तार आहे. पण फोटो जुळणीसाठी व्हर्जिनियाला गेला तो तिथेच अडकला.

“भैया, प्रिंट कहाँ है?”

“आ रहा है मॅडम, सर्व्हर का प्रॉब्लेम है.”

“तो व्हॉट्सअॅप कर दो ना.”

तेही त्याच वाटेनं जाणार होतं. एसएमएसचा पर्याय स्क्रीनवर दिसत होता, पण तो भारतात कधी चाललाच नव्हता. ट्रायच्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशाचा मथळा आणि मजकूर डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून संदेशातली लिंकही आधी मान्य करून घ्यावी लागते. परदेशी सॉफ्टवेअरचं ते बटण इथे निव्वळ शोभेचं. हे एडब्ल्यूएसचं पाप नव्हे; हे निवडतानाच कळायला हवं होतं.

साडेनऊला यजमानांनी विचारलं, बूथ गुंडाळायचा का. ९.४०ला त्यानं कार्ड काढून एकेक फोटो यजमानांच्या मुलाच्या लॅपटॉपवरून छापायचा प्रयत्न केला. ड्रायव्हर नव्हता.

आकाराला मोठी आपत्ती ही नव्हेच. पण बूथचा धंदा उधारीवर नाही, शिफारशीवर चालतो. त्या हॉलमध्ये पुढच्या मोसमातली निदान चार लग्नं पत्ते पिसत बसली होती.

रात्री १०.०६.

लोड बॅलन्सरची ती आपोआप बाजूला काढण्याची सवय इंजिनिअरांनी हातानं बंद केली. ११.०६ला नवीन संगणक चालू होणं बरंचसं मार्गी लागलं. बूथवाला तेव्हा सामान टेम्पोत भरत होता.

पहाटे २.२०, मंगळवार २१ ऑक्टोबर.

संगणक-सेवा पूर्ण सावरली, वीसेक मिनिटांत लोड बॅलन्सरही. सुरुवातीपासून चौदा तास उलटून गेले.

आता थोडं तटस्थपणे. सगळं संगणकावरच ठेवलं म्हणजे माणूस सुटला असंही नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल आपल्या सकाळी ९.३९ला सुटली, ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली होती. देशातल्या काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. बूथवाल्यांच्या संगणकांवर हे महागडं सुरक्षा सॉफ्टवेअर नसतं, आणि आषाढी एकादशी दोनच दिवसांपूर्वी झाल्यानं चातुर्मासही लागला होता, लग्नंच नव्हती. पण कार्यक्रमाच्या दिवशी यंत्रावर कुठलंही अपडेट आपोआप येऊ न देणं, हे त्यावरून कुणीही शिकावं. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप रात्री ९ नंतर सहाएक तास बंद पडले, तेव्हा पितृपक्ष होता. आपल्या पंचांगानं या धंद्याला दोनदा वाचवलं, तिसऱ्यांदा दिवाळी आली.

गंमत म्हणजे २०२५ हे फोटोबूथचं शताब्दी वर्ष. सायबेरियातून आलेल्या अनातोल जोसेफोनं सप्टेंबर १९२५मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर फोटोमॅटन मांडलं. पंचवीस सेंटांत आठ फोटो, आठ मिनिटांत. पहिल्या सहा महिन्यांत २ लाख ८० हजार माणसं आत जाऊन बसली. रसायनं पेटीच्या आत, धुणं आत, वाळवणं आत. बाहेरून फक्त वीज लागायची.

मंगळवारी दुपारी, विट्याला लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असताना, आपल्या माणसानं तीन विक्रेत्यांना फोन लावले. देवउठनी एकादशीला दहा-बारा दिवस होते, मग लग्नांचा हंगाम. या वेळी त्यानं डेमोचा व्हिडिओ मागितला नाही. समोर या म्हणाला, बूथ माझा, राउटर मी बंद करणार, लॉग आउटही मी करणार. मग वीस फोटो छापून दाखवा. नेट आल्यावर ते वीस फोटो आपोआप पाहुण्याच्या फोनवर गेले पाहिजेत, एकही दोनदा जाता कामा नये. सर्व्हर मुंबईत की व्हर्जिनियात ते लेखी द्या. लायसन्सची तपासणी नेटशिवाय किती दिवस थांबते तेही.

एका विक्रेत्यानं विचारलं, नेट बंद कशाला करायचं, फाइव्ह-जी तर सगळीकडे आहे. त्याला त्यानं बोलावलं नाही.