फायटेज (ब्रॉयलर खाद्यातील)
ब्रॉयलरच्या मका-सोयापेंडीच्या खाद्यात फॉस्फरस भरपूर असतो. पण त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवणारे फायटेज हे विकर कोंबडीच्या पचनमार्गात फारच थोडे. म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट वरून घालावे लागते आणि न पचलेला फॉस्फरस विष्ठेवाटे लिटरमध्ये जातो. बुरशी किंवा जिवाणूंपासून मिळवलेले फायटेज किलोमागे साधारण ५०० एकक मिसळले, की जठराच्या आम्लात फायटेट फुटते. त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि जस्तही मोकळे होते. गोळी खाद्य बनवताना ८०-९० अंश सेल्सियसच्या वाफेत विकर निकामी होते, हा आक्षेप रास्तच. मात्र संरक्षक आवरणाचे किंवा गोळी तयार झाल्यावर फवारलेले फायटेज टिकते. खर्चाचा आक्षेप खरा ठरतो तो एकाच ठिकाणी: खाद्यसूत्रातील डायकॅल्शियम फॉस्फेट कमी न करता फायटेज नुसते वरून टाकले, तर तो पैसा वाया जातो.